गुरुवारचा ओढा

आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. हा नियम अक्काचा. अक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण, माझी आत्या. सासर सुटल्यापासून आमच्याकडंच असायची. तिच्यामुळं आम्ही सगळेच उजेडात जेवायचो, आणि त्यामुळं आईचा पेपर आणि आमचं जेवण यांची रोज साडेपाचच्या सुमारास गाठ पडायची. कोपऱ्यावर आईच्या लुनाचा आवाज आला की अक्का तवा चढवायची. आई हातपाय धुऊन पाटावर बसायची. डाव्या बाजूला ताट, उजव्या बाजूला दुसऱ्या दिवशीच्या पेपरची प्रुफं. ती अजून ओली असायची आणि शाईचा वास उडदाच्या आमटीच्या वासात मिसळायचा. जेवता जेवता आई बातम्या वाचून दाखवायची. जेवण झालं की परत कचेरी.

पेपर आईकडं कसा आला ते इथं सांगत बसत नाही. एवढं पुरे की चार पानी दैनिक होतं, संपादक म्हणून तिचं नाव छापलं जायचं, आणि कचेरीत तिला सगळे 'बाई' म्हणायचे. घरी ती अण्णांच्या शर्टाची बटणं लावायची, पावसाळ्याआधी पापड लाटायला पदर खोचून बसायची, आणि माझ्या केसांना रविवारी तेल लावताना अग्रलेखातलं वाक्य मनातल्या मनात फिरवत असायची. तिची बोटं मध्येच थांबली की मला कळायचं, वाक्य अडलंय.

वाचायची पद्धत ठरलेली होती. अक्काला अक्षरओळख नव्हती. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला आणि तिनं "म्हंजे काय?" असं विचारलं की आई ते वाक्य खोडायची. "अक्कांना कळलं नाही ते कोल्हापूरला कळणार नाही," म्हणायची. ऱ्हस्व-दीर्घ माझ्याकडं. मी अकरावीत होते आणि पेपरातली एखादी चूक सापडली की तो दिवस माझा असायचा. अण्णा काहीच बोलायचे नाहीत. त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. दिवसभर तांब्याच्या तारा गुंडाळून त्यांची बोटं तपकिरी झालेली असायची. शेवटचा घास संपवून ते म्हणायचे, "बरं हाय." कधी बातमी कुणा मोठ्या माणसाची असली तर म्हणायचे, "जरा जपून." पुढं हे "जरा जपून" त्यांच्या अंगाशी आलं.

आता माझी सून स्वयंपाक करताना मोबाइलवर बातम्या लावते. मला कमी ऐकू येतं, पण तेवढ्यामुळं नाही, मागं भाकरी थापल्याचा आवाज नसला की बातमी माझ्या डोक्यात शिरतच नाही.

त्या वर्षी हातकणंगल्याच्या बाजूला सूत रंगवायचा एक कारखाना जोरात चालला होता. त्याचं पाणी ओढ्यात सोडतात अशी कुजबुज होती, पण कारखान्याचे लोक म्हणायचे, आमचं पाणी आमच्या टाकीत मुरतं. मग गडमुडशिंगीच्या एका बाईनं आईला निरोप पाठवला. शालन तिचं नाव. कारखान्यात रंगवलेलं सूत पत्र्याखाली वाळत घालायचं काम करायची. तिनं सांगितलं, टाकीच्या मागं जमिनीखालून दुसरी पाइप आहे, पहाटे उघडतात आणि उजाडायच्या आत बंद करतात. आई तिला दोनदा भेटली. कचेरीत दिवसभर दहा माणसं येऊन बसतात म्हणून ही बातमी तिनं तिथं कुणालाच सांगितली नाही, जुळवायलाही दिली नाही. घरीच हातानं लिहिली आणि एका संध्याकाळी आम्हाला वाचून दाखवली. शालनचं नाव त्यात नव्हतं. 'गडमुडशिंगीहून वाळवणीच्या कामाला येणारी एक महिला' एवढंच होतं. अक्काला सगळं कळलं, एकदाही हात थांबला नाही. अण्णा म्हणाले, "जरा जपून."

तीन दिवसांनी आई फोटोग्राफरला घेऊन गेली तेव्हा टाकीच्या मागं ताजं सिमेंट होतं. मॅनेजरनं स्वतः हिंडून सगळं दाखवलं, चहा पाजला. आदल्या दिवशी शालनला कामावरून काढून टाकलं होतं.

बातमी छापलीच नाही. त्या संध्याकाळी आई जेवायला बसली, पण पिशवी उघडली नाही. अक्कानं विचारलं, "आज वाचणार न्हाईस?" आई म्हणाली, "आज काही विशेष नाही." दुसऱ्या दिवशीही विशेष नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनं पिशवी आत नेऊन लोखंडी कपाटात ठेवली, किल्ली कमरेला खोचली आणि मग ताटावर बसली. त्या किल्लीचा आवाज आम्ही तिघांनी ऐकला. कुणी कुणाकडं पाहिलं नाही. बातमी चौघांनाच माहीत होती आणि त्यातली एक ती स्वतः होती.

तिथून पुढचे दोन महिने आमच्या घरात जे चाललं त्याला भांडण म्हणता येणार नाही. आवाज कुणीच चढवला नाही. फोन वाजला की सगळ्यांचे कान तिकडं. अण्णा फोनवर "हां, हां, बघतो" म्हणाले तर अक्का लसूण सोलत असल्यासारखी तिथंच घुटमळायची, आणि अक्का तर लसूण खायचीसुद्धा नाही. अक्का जैन बस्तीला देवदर्शनाला गेली आणि यायला उशीर झाला तर आई विचारायची, "आज कोण कोण भेटलं?" आधी ती असं कधी विचारत नव्हती. अक्कालाही ते कळायचं. "देव भेटला," ती तुटकपणे म्हणायची. मला वाईट वाटायचं, पण खरं सांगायचं तर मजाही वाटायची. मी घरातली संशय न घेण्यासारखी होते असं मी धरून चालले होते. मी पेपरची माणूस, ऱ्हस्व-दीर्घवाली.

एक दिवस अक्कानं मला परसात बोलावलं. ती धुणं वाळत घालत होती. हलक्या आवाजात म्हणाली, "पद्मा, त्या कारखान्याच्या मोटारी कुठं येतात दुरुस्तीला, ठावं हाय तुला?"

"कुठं?"

"तुज्या बापाच्या दुकानात. म्या काय म्हणत न्हाय. नुसतं सांगितलं."

मग मला "जरा जपून" आठवलं. मी अण्णांवर पाळत ठेवायला लागले. कॉलेज सुटलं की सायकल दुकानासमोरच्या गल्लीत लावायची आणि बघत बसायचं. चौथ्या का पाचव्या दिवशी अण्णा दुकान पोऱ्यावर न सोपवता शटर ओढून निघाले. स्टेशनजवळच्या चहाच्या दुकानात एक माणूस त्यांची वाट बघत होता. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, हातात कारखान्याच्या नावाची फाइल. दोघं बराच वेळ बोलले. बोलत होते ते जास्त अण्णाच, घरी महिन्याभरात बोलतील तेवढं. मी तडक घरी आले. आई त्या दिवशी लवकर आली होती, मेथी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिनं मेथीची जुडी खाली ठेवली.

"नक्की अण्णाच होते?"

"हो."

"हे आणखी कुणाला बोललीस?"

"नाही."

ती माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिली. मला वाटलं, ती माझ्या धीटपणाचं कौतुक करतेय.

त्यानंतर आठवडाभरानं, एका मंगळवारी सकाळी, माझी वेणी घालताना आई हळूच म्हणाली, "ओढ्याला परत रंग दिसतोय म्हणतात. गुरुवारी सकाळी फोटोग्राफर पाठवणार आहे. कुणाला बोलू नकोस. तुला म्हणून सांगितलं." माझी मान ताठ झाली. तिघांतून तिनं मला निवडलं होतं.

बुधवारी सकाळी मी गॅसवर चहा ठेवला होता. अक्का तांदूळ निवडत बसली होती. ती पुटपुटली, "आज गेला असंल फोटोवाला."

"आज नाही. उद्या."

अक्काचा हात सुपात थांबला. "बुधवार म्हणाली ती मला."

"मला गुरुवार म्हणाली."

आम्ही एकमेकींकडं बघितलं. अक्काला अक्षरं येत नव्हती, पण माझ्याआधी तिला कळलं. ती सूप बाजूला ठेवून म्हणाली, "तुज्या बापाला शुक्रवार सांगितला असंल बघ." एवढं बोलून ती देवघरात गेली आणि बराच वेळ आली नाही. मी गॅसजवळ उभी राहिले. आई माझ्यावरही संशय घेत होती. वेणी घालत होती, केसांतला गुंता सोडवत होती, आणि त्याच हातांनी मला जाळ्यात घेत होती. मला इतका राग आला की चहा उतू गेलेला कळला नाही.

आणि मग राग ओसरायच्या आधीच मला मंगळवार संध्याकाळ आठवली.

जेवण झालं की साडेसहाला मी इंग्लिशच्या शिकवणीला जायची. मॅडम आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं राहायच्या. मला त्या फार आवडायच्या. त्यांचं अक्षर, त्यांच्या सुती साड्या, मला 'पद्मा' न म्हणता 'संपादिका' म्हणणं. शिकवणी संपली की त्या विचारायच्या, "काय संपादिका, उद्या पेपरात काय?" आणि मी सांगायची. कोल्हापुरात जे उद्या सकाळी कळणार ते मला आज माहीत आहे, हे कुणाला तरी दाखवल्याशिवाय मला राहवायचं नाही. पाइपची बातमी मी सांगितली होती. गडमुडशिंगीची बाई सांगितली होती. आणि काल, आईनं मला एकटीला निवडलं या आनंदात, गुरुवार सांगितला होता.

त्या बुधवारी मी शिकवणीला गेले. मॅडमनी नेहमीसारखं शिकवलं, पण शेवटी काही विचारलं नाही. पहिल्यांदाच विचारलं नाही. मी वही पिशवीत घालताना वर बघितलं. फळ्याच्या वर कॅलेंडर होतं, त्यावर कारखान्याचं नाव मोठ्या अक्षरांत. मॅडमचे मिस्टर कारखान्यात कामाला आहेत हे मला ठाऊक होतं. कुठल्या, ते मी कधी विचारलं नव्हतं. मला माहीत नव्हतं, असं मी पुढं कितीतरी वर्षं सांगत आले, लग्नानंतर नवऱ्यालाही तेच सांगितलं. आता खोटं बोलण्यात अर्थ नाही. ते कॅलेंडर वर्षभर तिथं होतं आणि पेपरात मुद्रणदोष शोधणारी मी ते रोज वाचत होते.

घरी जाऊन सांगायला वेळ होता. आई कचेरीतून यायची होती, गुरुवार उजाडायचा होता. मी सांगितलं नाही. मी मनाशी म्हणत होते की कदाचित मॅडम बोलल्या नसतील. कदाचित खरंच अण्णा असतील. त्या रात्री अण्णांनी माझ्या सायकलची चेन घट्ट करून ठेवली होती, ते मी सकाळी बघितलं.

शुक्रवारी आई वेळेवर आली. जेवणं झाली, ताटं उचलली, अजून उजेड होता. तिनं कपाटातून पाकीट काढलं आणि तीन फोटो आमच्यासमोर सतरंजीवर मांडले. तिन्ही एकाच जागेवरून, उसाच्या बांधावरून काढलेले. काळ्यापांढऱ्या फोटोत रंग दिसत नाही, पण पहिल्यात आणि तिसऱ्यात ओढ्याचं पाणी डांबरासारखं काळं होतं. मधल्यात तळाचे दगड मोजता येत होते.

"हा बुधवार, हा गुरुवार, आणि हा आज सकाळचा," आई म्हणाली. "बुधवार मी अक्कांना सांगितला होता. शुक्रवार यांना. गुरुवार..." तिनं वाक्य पुरं केलं नाही.

अण्णांनी मधला फोटो उचलला, परत ठेवला. माझ्याकडं बघायच्या आधी त्यांनी आईकडं बघितलं.

"मलाबी तपासलंस?"

"हो."

"वीस वर्षं झाली आपल्या लग्नाला."

"तुम्ही त्यांच्या मॅनेजरला भेटला होता. स्टेशनजवळ."

"भेटलतो. त्या बाईला परत कामावर घ्या म्हणून सांगाय गेलतो. न्हाय म्हणाला. मग म्हटलं, तुमच्या मोटारी दुसरीकडं न्या." अण्णा थांबले. "तुला कुणी सांगितलं?"

आईनं माझं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती, कारण मी रडायला लागले होते. रडत रडत मी मॅडम, त्यांचे मिस्टर, सगळं सांगितलं. आई मध्ये एकदाच बोलली. "बुधवारी तुला कळलं होतं?"

"हो."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"नाही."

अक्का उठून माझ्याजवळ येऊन बसली, पण तिनं मला हात लावला नाही. अण्णा शर्ट चढवून बाहेर गेले. तिन्हीसांजेला सतरंजीवर ते फोटो तसेच पडून होते, कुणी उचलेना.

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर तिन्ही फोटो शेजारी शेजारी छापले. खाली आईनं चारच ओळी लिहिल्या: आमचा फोटोग्राफर गुरुवारी येणार अशी खबर कारखान्याला होती, बुधवारी आणि शुक्रवारी येणार हे माहीत नव्हतं. गावोगाव अंक फिरला. सरकारी माणसं आली, पंचनामे झाले, कारखाना काही महिने बंद राहिला आणि मग पाणी शुद्ध करायची टाकी बांधून चालू झाला. लोक म्हणायचे, बाईंनी काय डोकं चालवलं. घरी त्या विजयाचा एक शब्द कुणी काढला नाही. मॅडमकडं मी परत गेले नाही. मंडईत एकदा समोरासमोर आलो तेव्हा त्या भाजीकडं बघायला लागल्या. त्यांचा तरी काय दोष, असं आता वाटतं. आमच्याकडं जेवताना बोलणं व्हायचं तसं त्यांच्याकडंही होत असणार.

रविवारी सकाळी आई म्हणाली, "चप्पल घाल." लुनावर मागं बसवून तिनं मला गडमुडशिंगीला नेलं. शालन घरी नव्हती, शेतात भुईमूग भांगलत होती. आम्हाला बघून खुरपं हातात धरूनच बांधावर आली. मला वाटलं होतं ती म्हातारी असेल. माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठी होती. कपाळावर घाम, कासोट्याला माती.

"या बाई," ती आईला म्हणाली. "आणि ह्या पावण्या कोण?"

"माझी मुलगी. तिला तुम्हाला काही सांगायचंय."

मी सांगितलं. मान वर न करता, एका दमात, पाठ केल्यासारखं. मी थांबल्यावर तिनं विचारलं, "माझं नाव सांगितलंतं?"

"नाही. नाव मला माहीतच नव्हतं. गाव सांगितलं."

"ह्या गावातनं आमी दोघीच जात हुतो." ती खुरप्याची माती बोटानं काढत होती. "मी आन् आनसाबाई. कोण बोललं ते त्येन्ला कळंना, म्हणून दोघींलाबी काढलं. मी निदान बोलले तरी हुते. तिला बिचारीला ह्यातलं कायबी ठावं नव्हतं."

हे आईलाही माहीत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून मला ते दिसलं. "कुठं असतात त्या?" तिनं विचारलं.

"गेली की मुरगूडला, लेकीकडं. हितं एकटीनं काय खाणार."

"माझं चुकलं," मी म्हणाले.

"व्हय, चुकलं," शालन म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. "पर ते मला सांगून काय उपेग. आनसाबाईला सांग." मग आईकडं वळून म्हणाली, "च्या करते, बसा." आई म्हणाली, परत कधीतरी. शालन पुन्हा ओळीत जाऊन बसली आणि आम्ही निघालो तेव्हा तिनं वळून बघितलं नाही. पुढं तिला एका बालवाडीत काम मिळालं, ते अण्णांनी कुणाकुणाला भेटून मिळवून दिलं. मुरगूड आमच्यापासून दीड तासाच्या अंतरावर आहे. तिथं माझी मैत्रीण दिली होती, तिच्या मुलाच्या बारशाला मी गेले होते. आनसाबाईला शोधायला मी कधी गेले नाही.

परतताना विमानतळाच्या कुंपणाजवळ आईनं लुना रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. मला वाटलं, पेट्रोल संपलं. ती खाली उतरली नाही, मागं वळलीही नाही. मला तिची पाठ आणि घामानं भिजलेला ब्लाउज दिसत होता.

"शुक्रवारी तिन्ही दिवसांचे फोटो एकदम धुवायला दिले," ती म्हणाली, "तेव्हा मी डार्करूमच्या बाहेर बसले होते. ते दार उघडेपर्यंत मी काय म्हणत होते माहीत आहे? शुक्रवारचं पाणी स्वच्छ निघू दे."

मला समजायला एक क्षण लागला. शुक्रवार अण्णांचा होता.

"तू नसावीस म्हणून," ती म्हणाली. "तुझ्याऐवजी ते चालले असते मला. आता रोज त्यांना वाढताना ते आठवतं." मग तिनं लुना सुरू केली आणि आम्ही घरी आलो. अण्णा दारातच उभे होते. त्यांनी विचारलं, "भेटली का ती?" आई म्हणाली, "भेटली," आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेली.

अण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली, आईला सहा. तिनं रस्त्याच्या कडेला मला जे सांगितलं ते मी अण्णांना कधी कळू दिलं नाही. आज लिहून ठेवलं, कारण आता ज्याच्या मनाला ते लागेल असं कुणी उरलेलं नाही.